चावीवाल्याची शिष्यवृत्ती

आमच्या चिंचणगडात मतदान म्हटलं की कोण निवडून येणार आणि कोण पडणार, एवढंच ठाऊक होतं. नवा कायदा झाला आणि त्यात जनकौल आला. नगरपरिषदेला काही मोठं करायचं असेल तर आधी गावाला प्रश्न विचारायचा आणि गावानं 'होय' किंवा 'नाही'चं बटण दाबायचं. पहिला प्रश्न स्मशानभूमीच्या जागेचा होता. तो शांतपणे पार पडला, कारण जिवंत माणसांना त्यात फारसा रस नव्हता. दुसरा प्रश्न लागला आणि चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या पायरीपर्यंत सगळे भांडायला लागले.

प्रश्न असा होता : 'नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांना सार्वजनिक निधीतून शिक्षणासाठी शिष्यवृत्ती व त्यासोबतचा मेंदू-उपचार द्यावा काय?'

पिठाच्या गिरणीचे मालक सदाशिव मेणकर विरोधकांचे पुढारी झाले. "पोरांच्या शाळेत बाकं न्हाईत, आन ह्या घोड्यांना शाळेत घालायचं?" असं ते दळण घालायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. पीठ मिळेपर्यंत ऐकून घेण्याशिवाय इलाज नसायचा.

त्या घोड्यांपैकी एक मी. सारिका खिलारे, वय त्रेचाळीस, नगरपरिषदेच्या दवाखान्यात एकवीस वर्षं परिचारिका. गावातल्या निम्म्या पोरांना पहिली सुई मी टोचलेली आहे, त्यामुळे निम्मं गाव मला मान देतं आणि पाच वर्षांखालचं सगळं गाव मला बघून रडतं. माझा दोष एकच, मला प्रश्न पडतात. औषध बाटलीतून सुईत आणि सुईतून दंडात गेलं की माझं काम संपतं, पण पुढं आत काय होतं ते मला कळायला हवं असतं. दवाखान्यात बदलून आलेल्या प्रत्येक डॉक्टरला मी विचारून पाहिलं. "सिस्टर, रांग बघा केवढी झालीय," असंच बहुतेक म्हणाले. फोनला विचारलं तर तो लगेच सांगतो, पण उत्तर फोनकडंच राहतं. औषधशास्त्राच्या परीक्षेला मी बाहेरून दोनदा बसले. वाचताना सगळं कळायचं, आठ दिवसांनी पाटी कोरी. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा पुस्तकं माळ्यावर टाकली.

म्हणून ही शिष्यवृत्ती मला हवी होती. अगदी हावऱ्यासारखी हवी होती. कौल 'होय' आला तर पुढच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. 'नाही' आला तर तोच प्रश्न तीन वर्षं पुन्हा विचारता येणार नव्हता, आणि वयाची अट पंचेचाळीसची होती. म्हणजे मला ही एकच संधी होती.

गावाची खात्री पटावी म्हणून कौलाच्या आधी एका कर्मचाऱ्याला पाठवून बघायचं ठरलं. निवड झाली पाणीपुरवठ्याच्या चावीवाल्याची, म्हणजे हणमंत खिलारेची, म्हणजे आमच्या ह्यांची. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते. लिहिताना 'हे, हे' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून नावानं लिहिते. विचारून घेतलंय, त्यांची हरकत नाही.

चावीवाला म्हणजे गावात फिरून रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा माणूस. हणमंतकडं दोन वस्तू असायच्या. एक पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, आणि एक सागवानी काठी. काठीचं एक टोक व्हॉल्व्हवर ठेवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं. त्यावरून तो सांगायचा, "लाइन भरली," "हवा अडकलीय," "पुढं चाळीस पावलांवर गळतंय." तिथं खणलं की गळतच असायचं. ही विद्या त्याला वडिलांकडून आली होती, आणि तिला विद्या म्हणतात हे दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गावच्या लाइनी सत्तर वर्षांत जशा सुचतील तशा टाकलेल्या. कचेरी नव्या इमारतीत हलली तेव्हा जुने नकाशे गहाळ झाले. पुढं संगणकावर नकाशा करायचं ठरलं, तेव्हा इंजिनिअर साहेब हणमंतच्या मागं चार दिवस फिरले आणि पाचव्या दिवशी कंटाळले. त्या नकाशात एकेचाळीस ठिकाणी लिहिलेलं आहे, 'येथे खिलारे यांना विचारावे.' एका ठिकाणी 'थोरले खिलारे यांना विचारावे' असं आहे. माझे सासरे वारून बारा वर्षं झाली.

उपचार काय आहे ते सांगायला जिल्ह्याच्या केंद्रातून डॉ. नूपुर देशकर आल्या होत्या. तिशी-पस्तिशीची बाई, पायात साध्या चपला, प्रश्न विचारलेलं आवडणारी. मी पहिल्या रांगेत बसले होते.

त्यांनी सांगितलं ते असं. लहान मूल कोणतीही भाषा ऐकून शिकतं, आणि मोठ्या माणसाला तीच शिकताना घाम फुटतो. कारण वयात येता येता मेंदूतल्या काही पेशींभोवती साखर आणि प्रथिनांची एक बारीक जाळी विणली जाते. शिकलेलं पक्कं धरून ठेवणं हे त्या जाळीचं काम. ती नसती तर आपण रोज सायकल नव्यानं शिकलो असतो. पण तीच जाळी नवं काही आत येऊ देत नाही. आता ही जाळी विरघळवणारं औषध सापडलं होतं. ते नाकात फवारायचं आणि डोक्याला एक पट्टा बांधायचा. पट्ट्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात आणि मेंदूच्या नेमक्या एका भागात औषधाला वाट करून देतात. आठ आठवडे असं केलं की तेवढा भाग पुन्हा लहान मुलासारखा होतो. औषध थांबल्यावर जाळी सहा आठवड्यांत परत विणली जाते.

"मोळी बांधतो ना आपण," त्या म्हणाल्या, "तिची दोरी सैल करायची, आणखी काटक्या घालायच्या आणि पुन्हा आवळायची."

मी हात वर केला. "मग आधीच्या काटक्या?"

"सांभाळायच्या," त्या म्हणाल्या. "आम्ही दर आठवड्याला तपासतो."

मला उत्तर पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायची मला घाई होती.

पुढच्या वर्षी गावात गळती ओळखणारी यंत्रं बसणार होती. ती काय ऐकतात ते समजून घेण्याचा अभ्यासक्रम हणमंतसाठी निवडला, म्हणून त्याच्या मेंदूचा ऐकण्याचा भाग सैल केला. परिणाम तिसऱ्या आठवड्यातच दिसला. दहावी पन्नास टक्क्यांवर पास झालेला माणूस तासभराचं व्याख्यान एकदा ऐकायचा आणि मास्तरांच्या खोकल्यासकट परत म्हणून दाखवायचा. एकदा भाजी चिरता चिरता मी त्याला मध्येच थांबवलं, "मगाचं दुसरं वाक्य काय होतं?" त्यानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी चिरायचं सोडून त्याच्याकडं बघत बसले. दोन महिन्यांनी माझंही असंच होणार होतं. तोवर जगायचं एवढंच काम उरलंय, असं मला वाटायला लागलं.

सातव्या आठवड्यात वरच्या आळीला दोन दिवस पाणी गेलं नाही आणि गुरांच्या बाजारात तळं साचलं. हणमंत म्हणाला, लाइनीत हवा धरलीय. पुढच्या खेपेला कोष्टी गल्लीत तसंच झालं, तेव्हाही हवाच धरली होती. हवेवर एवढं खापर त्यानं आधी कधी फोडलं नव्हतं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्या नळाला पाणी येण्याआधी, अंथरुणातूनच तो "आलं" म्हणायचा आणि मी उठून हंडा लावायचे. ते "आलं" बंद झालं होतं. दोनदा हंडा न लावताच पाणी वाहून गेलं.

मला शंका आली की मी तपासल्याशिवाय राहत नाही. बुधवारी सकाळी ड्यूटीवर गेले तशी दवाखान्याच्या अंगणातला नळ पूर्ण सोडला आणि उलट पावली चौकात आले. हणमंत तिथल्या व्हॉल्व्हपाशी होता. दवाखान्याची लाइन त्याच व्हॉल्व्हवरून जाते.

"ऐका की जरा," मी म्हणाले.

त्यानं काठी टेकवली, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. "शांत हाय लाइन."

"नक्की?"

"व्हय."

"अहो, दवाखान्यातला नळ मी सताड सोडून आलेय."

काठी कानाला तशीच लावून तो उभा राहिला. मग हळूच खाली घेतली आणि कट्ट्यावर बसला. मी शेजारी बसले. शाळेला निघालेली पोरं आमच्याकडं बघत गेली.

"पंधरा दिस झालं," तो म्हणाला. "आवाज येतो. आधीपेक्षा लई येतो. पर त्यो काय सांगतोय ते कळंना झालंय."

"मग बोलला का नाही?"

"रविवारी कौल हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. शनिवारची परीक्षा काढतो, पास झालो की गावच म्हनंल, पाठवा बाकीच्यांना. तुझं नाव पयलं हाय."

मला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी मला आतून बरंही वाटलं. या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

गुरुवारी रजा टाकून मी एसटीनं जिल्ह्याला गेले. डॉ. नूपुरनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा प्रश्न विचारले आणि हणमंतचा अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला.

"आम्ही दर आठवड्याला तपासलं," त्या म्हणाल्या. "वाचन, पाठांतर, बोलणं, सगळं उत्तम होतं. पण काय तपासायचं ते आम्हाला या कागदावरून कळतं."

'अवगत कौशल्ये' असा एक रकाना होता. त्यात लिहिलं होतं, 'निरंक.' अक्षर माझं होतं. हणमंतचे सगळे अर्ज मीच भरते. सरकारी कागदावर जिथं काही सुचत नाही तिथं निरंक लिहायची आम्हा कर्मचाऱ्यांना सवयच असते. त्या दिवशी मी विचारलंही होतं, "कौशल्यात काय लिहू?" आणि तो म्हणाला होता, "मला काय येतंय? चावी फिरवतो." मी लिहून टाकलं. वीस वर्षं त्या काठीच्या करामती बघितलेल्या बाईनं लिहून टाकलं.

"परत येईल का?" मी विचारलं.

"गेल्या सोमवारी शेवटचा फवारा झाला. जाळी विणली जायला लागली आहे. या सहा आठवड्यांत कानावर रोज जे पडेल तेच पक्कं बसेल. रोज सात-आठ तास काठी लावून ऐकलं, आणि दुसरं शिकण्यासारखं काही ऐकलं नाही, तर येईलही. खात्री मी देत नाही. सहा आठवड्यांनंतर मात्र येणार नाही."

"आणि हे रविवारच्या आधी गावाला कोण सांगणार?"

त्यांनी अर्ज परत फायलीत ठेवला. "मी आजच अहवाल पाठवते. समितीपुढं यायला महिना लागेल." मग म्हणाल्या, "तुमचं नाव यादीत आहे, हे मला माहीत आहे."

म्हणजे मला करायचं काहीच नव्हतं. तीन दिवस गप्प बसायचं, बस्स. परत येताना एसटीत मी स्वतःशी भांडत होते. मला धोका कळलाय, मी माझा अर्ज नीट भरीन, बाकीच्यांनाही कानात सांगीन, मग बोंब मारायची काय गरज? युक्तिवाद चांगला होता. मी शुक्रवारी दुपारपर्यंत तो धरून राहिले.

शुक्रवारी दुपारी एक आई दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. आमच्याकडं रीत आहे, सुई टोचण्याआधी सांगायचं : ताप येईल, दंड सुजेल, हजारात एखाद्याला असं असं होतं, मग टोचू का? एकवीस वर्षांत मी हे न सांगता कुणाला टोचलेलं नाही. त्या बाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "टोचा. तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं." माझा युक्तिवाद तिथंच संपला.

संध्याकाळी मंडईच्या शेडमध्ये जाहीर सभा होती. तीन-चारशे माणूस. मेणकर उठले आणि हातातली टोपी नाचवत म्हणाले, "खिलारे काय शिकून आले ते गावाला दावा की! का नुसतीच बोलाची कढी?"

हणमंत उठला. त्याचं भाषण पाठ होतं, आता त्याचं सगळंच पाठ असायचं. त्यानं तोंड उघडायच्या आत मी उभी राहिले.

"आधी मी बोलते," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. तळं का साचलं, वरच्या आळीला पाणी का नव्हतं, अर्जातलं निरंक कुणी लिहिलं, आणि पुढच्या यादीत पहिलं नाव कुणाचं आहे, तेही. सांगून झाल्यावर हणमंतकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

एकच गलका उठला. मेणकरांना आयतं कोलीत मिळालं होतं, पण ते इतके चकित झाले होते की टोपी डोक्यावर घालायची विसरले. कुणी म्हणालं, हणमंतवर अन्याय झाला. कुणी म्हणालं, दोघं नवरा-बायको मिळून गावाला उल्लू बनवतायत. त्या गोंधळात आमच्या गल्लीतली जनाक्का उठली. ऐंशीच्या पुढची बाई, तिच्यापुढं आवाज चढवायची गावात पद्धत नाही.

"हणमा," ती म्हणाली, "मग आता तुला काय ऐकू येतंय रं?"

असा प्रश्न खरं तर मी विचारायला हवा होता. तीन दिवसांत मला तो सुचला नव्हता.

हणमंतनं डोकं खाजवलं. "आक्का, आधी मी गळती हाय का न्हाई तेवढंच ऐकायचो. बाकीचं कानावर पडत असंल, पर मी ते टाकून देत हुतो. आता टाकताच येत न्हाई. पानी वळनावर येगळं वाजतंय. बारीक पायपात शिरताना येगळं. मोटर बदलली तर वरच्या आळीपातूर कळतंय. सगळं एकदमच बोलतंय, म्हनून मला एकबी कळंना." मग म्हणाला, "लई चांगलं वाजतंय पर."

त्यानं शेडभर नजर फिरवली.

"मला आता ठावं न्हाई कुटली लाइन कुटनं गेलीय," तो म्हणाला. "तुमाला म्हाईत आसंल तर सांगा. मी नव्यानं शिकतो."

कोण बोलणार असं मला वाटलं. बोलले ते मेणकर. "माझ्या गिरणीच्या जोत्याखालनं दोन इंची गेलीय. तुझ्या बापानं माझ्यासमोर टाकली. पुढं ती डावीकडं वळतीया."

"उजवीकडं," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुझा जन्म तरी झालता काय तवा?"

झालं. कौल बाजूला राहिला आणि सगळं गाव पाइपांवरून भांडायला लागलं. इंजिनिअर साहेबांनी खिशातून कागद काढला.

शनिवारी परीक्षा होती. हणमंत गेला नाही. सकाळपासून तो काठी घेऊन फिरला, त्याच्या मागं पंचवीस-तीस माणसं, आणि साहेब नकाशा घेऊन. कुणी सांगायचं, इथं आमच्या बापानं खणलं होतं. कुणी सांगायचं, या फरशीखाली सांधा आहे. हणमंत काठी लावायचा, ऐकायचा, सांगितलेल्याशी ताडून बघायचा. मी दवाखान्याच्या खिडकीतून बघत होते. एकेचाळीसपैकी बत्तीस ठिकाणचं 'खिलारे यांना विचारावे' संध्याकाळपर्यंत खोडलं गेलं. त्यात थोरल्यांचंही गेलं.

घरी तो माझ्याशी बोलत नव्हता. जेवताना फक्त एवढंच म्हणाला, "म्या गप बसलो ते कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "म्हणूनच बोलले."

रविवारी मी 'होय'चं बटण दाबलं. का दाबू नये? आता गावाला सगळं माहीत होतं, आणि मला अजूनही जायचं होतं.

निकाल सोमवारी दुपारी लागला. होय : पाच हजार नऊशे अठरा. नाही : सहा हजार पंधरा. सत्त्याण्णव मतांनी मी घरी बसले. मी बोलले नसते तर काय झालं असतं, हे कुणी विचारायचीही गरज नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. औषधांच्या खोलीत जाऊन कडी लावली आणि रडले. मेणकर दवाखान्यात आले, साखर तपासायच्या निमित्तानं. बोट पुढं करून म्हणाले, "सिस्टर, मी न्हाईलाच मत दिलं. पन तुमाला वाईट वाटलं त्याचं मला वाईट वाटतंय." त्यांची साखर वाढलेली होती. मी त्यांना रागावले आणि मला जरा बरं वाटलं.

कौल गेला तशी हणमंतची शिष्यवृत्तीही बंद झाली. त्याच्यासाठी ते बरंच होतं. आता दिवसभर काठी आणि कान. पाच आठवडे उरले होते. घरात मी रेडिओ बंद केला, शेजारणीला बातम्या मोठ्यानं लावू नको म्हणून सांगितलं. एका सकाळी तो अंथरुणातून "आलं" म्हणाला. नळाला काही आलं नव्हतं, पण पाव तासानं आलं. मी त्याच्याकडं बघून हसले. दुसऱ्या आठवड्यात पाव तासाची पाच मिनिटं झाली. कान परत येत होता.

तिसऱ्या आठवड्यात दुपारचा डबा घेऊन मी टेकडीवरच्या टाकीपाशी गेले. पंपघराचं दार अर्धवट उघडं होतं. हणमंत आत जमिनीवर बसला होता, डोळे मिटून. काठी भिंतीला टेकवून ठेवलेली. कानात फोनची तार होती.

"हे काय ऐकताय?" मी ओरडलेच. "डॉक्टरनी काय सांगितलंय?"

त्यानं डोळे उघडले. चोरी पकडल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्याला तसं काही वाटलेलं दिसलं नाही. "बस," तो म्हणाला. "ऐक."

आणि तो बोलायला लागला. आवाज त्याचा, पण बोलणं दुसऱ्याच कुणाचं तरी, एका म्हाताऱ्या प्राध्यापकाचं, मध्येच थांबून घसा साफ करणाऱ्या.

"'गोळी गिळली म्हणजे औषध रक्तात पोचलं, असं समजू नका. आतड्यातून ते आधी यकृताकडे जातं. यकृत त्याला परकं समजतं आणि त्यातला बराचसा भाग तिथंच मोडून टाकतं. उरलेलं औषध पुढे शरीरभर जातं. सुईनं दिलेलं औषध ही पहिली चौकी टाळतं. म्हणून काही औषधांची गोळी मोठ्या मात्रेची असते आणि सुई लहान मात्रेची.'"

मी डबा खाली ठेवला. एकवीस वर्षं मी गोळी मोठी आणि सुई लहान देत आले होते. तक्त्यावर तसं लिहिलेलं असतं, म्हणून. का ते आज कळलं.

"मग ज्याचं यकृत बिघडलंय त्याला?" मी विचारलं.

"ते पुढं हाय. सातव्या व्याख्यानात," हणमंत आपल्या आवाजात म्हणाला. "डॉक्टरीणबाईंकडनं तुझ्यासाठी म्हनून मागून घेतली. तुझ्या औषधशास्त्राची, पयल्या वर्साची सगळी, साठ व्याख्यानं. वीस झाली. उरल्यात तेवढ्या दिसांत बाकीची बसत्यात."

"आणि काठी?"

त्यानं फोनची तार बोटाभोवती गुंडाळायला घेतली.

"किती दिवस झाले काठी लावली नाही?"

"पाच."

"अहो, कान परत येत होता! मला नकोय हे. मी ही व्याख्यानं माझी माझी ऐकीन."

"दोनदा वाचलंस की. ऱ्हातंय का?" तो म्हणाला, आणि ते बोलताना त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "तुला समजतंय, ऱ्हात न्हाई. मला ऱ्हातंय, समजत न्हाई. मला ह्यातलं यकृत सोडून काय बी कळलं न्हाई. ध्यानात ठेवायचं काम माझं. समजून घ्यायचं तुझं. कवाबी इचार, पन्नास येळा इचार."

"गावाला तुमचा कान लागतो."

"नकाशा झालाय. ऱ्हायलेली नऊ ठिकाणं जनाक्काच्या वयाची मानसं सांगत्यात. वर्सभरात यंत्रं येतील. गावाला न्हाई लागत."

"तुम्हाला लागतो."

"व्हय," तो म्हणाला. "मला लागतो." पंपाचा आवाज चालू होता, आणि तो त्या दिशेला थोडा वेळ तोंड करून बसला. मग माझ्याकडं वळला. "पर माझं मी ठरवलंय. ह्या खेपेला तू माझा अर्ज भरायचा न्हाईस."

मी नको म्हणायला हवं होतं. ती काठी उचलून त्याच्या हातात द्यायला हवी होती. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, तिचं वरचं टोक दोन पिढ्यांच्या कानांनी गुळगुळीत झालेलं. त्याच्याकडं किती दिवस उरलेत ते मला नेमकं माहीत होतं.

मी पंपघराचं दार लोटून घेतलं, पंपाचा आवाज जरा मागं पडला, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हणाले.